खिडकीतला कप

नाना गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते. एका पायात चप्पल होती, दुसरी दाराआड कुठे तरी सरकली होती आणि मी ती पायानेच चाचपत होते. काकूंनी हाक मारली, मी त्यांच्याकडे गेले, रिसीव्हर कानाला लावला. नानाचा मुलगा पिंपळनेरहून बोलत होता. पहाटे छातीत दुखायला लागलं, साक्रीला नेईपर्यंत... पुढचं मी ऐकलं की नाही, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की घरी परत येऊन मी आधी ती दुसरी चप्पल शोधली. आज दीड महिना होईल. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वह्या तपासायला घेते, चार वह्या झाल्या की उठते. भाजी निवडायला बसते, अर्धी टाकून खिडकीपाशी जाते. हे लिहायला बसल्यापासूनही तीनदा उठले आहे. नाना असता तर गालात हसून म्हणाला असता, आता कळलं ना, माझं कसं होतं ते.

नाना माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे भाऊ आणि बाप दोन्ही तोच. बांधकाम खात्याच्या रस्त्यावर तो मजूर होता. पिंपळनेर-साक्री रस्त्याचे खड्डे बुजवणं, कडेचे चर काढणं, उन्हात डांबर तापवणं, यात त्याचं आयुष्य गेलं. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. एसटीत बसला तरी नजर खाली रस्त्यावर. इथे खडी बारीक पडली, इथे डांबरात कंजुषी केली, असं चाललेलं असायचं. जायच्या चारच दिवस आधी तो जळगावला माझ्याकडे येऊन गेला होता. चहा उभ्याने घेतला, कप खिडकीच्या कट्ट्यावर तसाच ठेवला आणि साक्रीची गाडी चुकेल म्हणून निघाला. मी नेहमीसारखी करवादले, की नाना, निदान मोरीत तरी ठेवत जा, मुंग्या लागतात. तो नेहमीसारखा म्हणाला, "राहू दे, कोनी तरी उचली." तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मी तो कप उचलून, खसखसा घासून टाकला होता.

या कपाची गोष्ट सांगायची तर धुळ्यापासून सुरुवात करावी लागेल. आमचं घर पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात, बौद्धवाड्यात. मी दहा वर्षांची झाले आणि नानाने मला धुळ्याच्या वसतिगृहात टाकलं. आई रडली, मी रडले, याने ऐकलं नाही. सुटीतसुद्धा मी गावात आठ दिवसांच्या वर राहिले की याची चुळबुळ सुरू व्हायची. कधी जाणार, पुस्तकं आणलीस का, इथे काय ठेवलंय. मला राग यायचा. मी त्याला नकोशी झालेय असं वाटायचं. पुढे मी शिकले, डी.एड. झाले, पाचोऱ्याच्या शाळेत लागले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दिवाळीच्या सुटीत मी नानाला कळवलं, की आपण दोघं दोन दिवस धुळ्यात फिरायचं. हॉटेलात जेवायचं, लळिंगचा किल्ला बघायचा, सिनेमा बघायचा. ज्या गावात तू मला पेटी घेऊन सोडलंस, ते गाव आता मी तुला दाखवते. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. तर हा ठरल्या दिवशी धुवट पांढरा सदरा घालून, उपरणं खांद्यावर टाकून, माझ्या आधी तासभर धुळ्याच्या स्टँडवर हजर.

माझ्या वसतिगृहातल्या एका मैत्रिणीचं घर होतं, तिच्याकडे आमचा मुक्काम. मी मोठा बेत आखला होता आणि नानाने तो दुपारपर्यंत पार उरकत आणला. संग्रहालय दहा मिनिटांत. पांझरेच्या पुलावर मी पाण्याकडे बघत उभी, तर हा पुलाचे सांधे बघून मोकळा. लळिंगचा गड अर्धा चढलो, मला धाप लागली म्हणून एका दगडावर टेकले, तेवढ्यात हा वर जाऊन, पाण्याची टाकी बघून खाली आला. खाली आग्रा रोडवरून ट्रक चाललेले दिसत होते आणि हा मला म्हणत होता, "चाल, बठ्ठं दखी लिधं." मी चिडले. सगळं बघितलं म्हणे! बघणं म्हणजे काय नुसतं शिवून येणं असतं का, असं काहीसं बोलले. पण खरं सांगायचं तर मी खूश होते. पहिल्यांदाच मी पुढे आणि नाना मागे, असं चाललं होतं.

संध्याकाळी मी त्याला स्टँडजवळच्या एका चांगल्या हॉटेलात नेलं. संगमरवरी टेबलं, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर टोपीवाले मालक. नाना दाराजवळच्याच टेबलाशी बसला. आत पंख्याखाली चल म्हटलं तर नको म्हणाला. मी दोन मसाला डोसे मागवले. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात मांडीवर, जणू कुणी ऊठ म्हणण्याची वाट बघत असावा. डोसा आवडला की नाही ते काही कळलं नाही, कारण तो चार घासांत संपला. मग चहा आला. नानाने बशीत ओतून चहा प्यायला आणि मी पर्समधला रुमाल काढतेय तोवर कपबशी उचलून तो उठला. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. तिथे जाऊन त्याने कप धुतला. आतून, बाहेरून, कानातही बोट घालून. बशी धुतली. उपरण्याच्या टोकाने दोन्ही पुसलं. मग ते कुठे ठेवायचं म्हणून इकडेतिकडे बघत राहिला आणि शेवटी बेसिनच्या बाजूच्या खिडकीत कप पालथा घालून ठेवला. बाजूच्या टेबलावर नवराबायको होते, ती बाई तोंडाला पदर लावून हसली. वेटर ट्रे घेऊन जागीच थांबला. गल्ल्यावरचे मालक मात्र हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "राहू द्या भाऊ. इथं तसं नाही."

तसं म्हणजे कसं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं, की माझ्या भावाला हॉटेलात वेटर असतो हेही ठाऊक नाही. माझे कान तापले. बाहेर आल्यावर रस्त्यातच मी त्याला म्हणाले, "नाना, चारचौघांत कसं वागायचं तेही आता मी शिकवू का तुला? माझी मान खाली घालायला लावलीस आज." त्याने खांद्यावरचं उपरणं नीट केलं. मग म्हणाला, "सवय शे इंदू." एवढंच. सिनेमाला आम्ही गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला विचारलं, त्याच हॉटेलात चहाला जायचं का. मी साफ नाही म्हणाले. काल काय कमी झालं, आज पुन्हा तिथेच तोंड दाखवायचं... असं मी मैत्रिणीच्या आईसमोर बोलले. नाना उठला आणि एकटाच बाहेर पडला. तासाभराने आला, तो चांगला खुशीत. कुठे गेला होतास, तर म्हणे फिरायला. मला वाटलं, राग गेला असेल. नंतर मीही तो विषय काढला नाही. माफी मागायचं मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण मोठ्या भावाची माफी कशी मागतात ते आमच्या घरात कुणी दाखवलंच नव्हतं.

लग्नानंतर मी जळगावला आले, बदलीही झाली, आणि वर्षातून एकदा तरी नाना दोन दिवस यायचा. मग आमची शहरफेरी ठरलेली. मेहरूण तलावाला एक चक्कर, टॉवर चौकातून सराफ बाजारात, दागिने बाहेरूनच बघायचे, आणि रात्रीचं जेवण हॉटेलात. त्याला शेवभाजी लागायची, तर्री वर आलेली, कपाळावर घाम फुटेल अशी. ती खाताना मात्र तो जरा स्थिर असायचा. कप धुण्याचा प्रकार पुन्हा कधी घडला नाही. उलट आता तो सगळं टेबलावर तसंच टाकून माझ्या आधी उठायचा. दारापर्यंत जायचा आणि तिथे थांबून मागे वळून बघायचा. बराच वेळ बघत राहायचा. मी म्हणायचे, काय राहिलं का, पिशवी तर माझ्याकडे आहे. तो म्हणायचा, काही नाही, चाल. घरी तर त्याहून वाईट. चहा झाला की कप खिडकीच्या कट्ट्यावर आणि हा मोकळा. मी मिस्टरांना म्हणायचे, बघा, जिथे धुवायचा नव्हता तिथे घासूनपुसून ठेवला आणि बहिणीच्या घरी मात्र पाटीलकी. ते हसायचे. मी हे त्याच्या तोंडावरसुद्धा किती तरी वेळा बोलले असेन. तोही हसायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावी गेले होते. वंदना झाली, माणसं पांगली. नानाबरोबर रस्त्यावर काम केलेले एक आबा आहेत, ते ओट्यावर बसले होते. मी त्यांना चहा नेऊन दिला. चहा पिऊन त्यांनी कप शेजारी ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुझ्या भावाने आम्हाला हे शिकवलं. मला कळेना. मग ते सांगत गेले. गावात फाट्यावर जे चहाचं हॉटेल होतं, तिथे आपल्या लोकांचे कप वेगळे असत. मागच्या बाजूला खिडकीच्या कोनाड्यात ठेवलेले, कान तुटके. आपण कप काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, धुवायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. नानाने वीस-पंचवीस वर्षं तसाच चहा प्यायला होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बायकापोरी फाट्यावरच्या हॉटेलात जातच नसत, आणि मी तर गावात राहिलेच किती? मी म्हटलं, आबा, मला कधी बोलला नाही तो. आबा म्हणाले, "तुले काय सांगी माय? तुले हाई दखाले लागू नही, म्हनीसनच त धुळाले धाडेल व्हतं."

आबा सांगत होते, धुळ्याहून परत आला त्या दिवशी नानाने रस्त्याच्या कामावरच्या सगळ्या गँगला गोळा करून हॉटेलची हकिकत सांगितली होती. दुसऱ्या सकाळी तो एकटा गेला होता तो तिथेच. त्याच टेबलाशी बसला, चहा प्यायला, कप टेबलावर तसाच ठेवून उठला आणि दारात उभा राहून बघत राहिला. वेटर आला. त्याने तो कप उचलला आणि दुसऱ्यांच्या कपांबरोबर त्याच ट्रेमध्ये टाकला. नानाने हे दोनदा सांगितलं म्हणे, त्याच ट्रेमध्ये. पुढच्या सोमवारी त्याने फाट्यावर चहा प्यायला आणि कप न धुता बाकावर ठेवून कामावर गेला. मालक शिव्या देत राहिला. आठ-दहा दिवस सगळ्या गँगचा चहा बंद होता. मग आबांनीही कप तसाच ठेवला, मग आणखी दोघांनी. वर्षभरात तो कोनाडा रिकामा झाला. आणि आदल्या संध्याकाळचं काय सांगितलं त्याने, मी विचारलं. आबा म्हणाले, ते तर तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "मनी बहीणनी माले कप धुवू दिधा नही."

कप धुवू नको, असं मी त्याला म्हणाले नव्हते. मला माझ्या अब्रूची पडली होती, त्याच्या नाही, आणि ते त्याला कळलंही असणार. इतका काही तो भोळा नव्हता. तरीही त्याने माझं बोलणं घेतलं आणि त्यातून मला मोठं करून गावाला दाखवलं. मी मात्र दहा वर्षं त्या कपाच्या मुंग्या मोजत बसले. हे त्याला सांगायला हवं होतं... कुठे जाऊन सांगू? गावाहून आल्यापासून हेच डोक्यात फिरतं आणि मी घरभर.

काल सकाळी मी चहा घेतला आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तसाच. हात शिवशिवत होते, पण पर्स घेतली, चपला घातल्या. दारात आले आणि पाय पुढे जाईना, तेव्हा मागे वळून बघत उभी राहिले. मिस्टर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर ठेवला, स्वतःचा कप उचलला, जाता जाता खिडकीतला माझाही घेतला आणि दोन्ही एकाच हातात धरून मोरीकडे गेले. काय राहिलं का, त्यांनी आतून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, आणि शाळेला निघाले.