नावं पडतानाच

रडके पिक्चर बघणाऱ्यांचा मला पूर्वी राग यायचा. चांगलं हसायचं सोडून टिपं गाळत कशाला बसायचं?

मग फौजीशी लग्न होऊन मी साताऱ्याजवळच्या गावात आले. ह्यांची सुट्टी संपली, त्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी बजावलं, "ड्युटीवर निघालेल्या माणसापुढं रडायचं न्हाई." सकाळी ह्यांच्या हातावर दही ठेवताना मी हसले. सासूबाईही हसल्या.

एसटी वळणाआड गेली. घरी येताच सासूबाई म्हणाल्या, "टीव्हीवर कायतरी लय रडकं लाव गं." मी चिडूनच एक पिक्चर लावला. पडद्यावर अजून नुसती नावंच येत होती, गोष्ट सुरूही झाली नव्हती, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पाठोपाठ मीही हुंदके देऊ लागले.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "पिक्चर लय दुःखाचा हाय," सासूबाई म्हणाल्या. तीही गुमान आमच्याजवळ टेकली. तिचा मुलगा त्याच एसटीनं गेला होता.

त्या पिक्चरमधल्या बाईचं पुढं काय झालं, ते मला आजही ठाऊक नाही. पण तिचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिच्या नावावर मी माझं रडून घेतलं.