वेशीवरच्या चर्चबाहेरचे बूट

मंडळी, आधीच कबूल करतो... या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. पांढरी साडी, उलटी पावलं, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... चहा पिता पिता वाचायचं आणि बायकोला फॉरवर्ड करायचं, बस. त्यात मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. तरी आज लिहायला बसलोय, कारण हे माझ्याच बुटांच्या बाबतीत घडलंय आणि ते बूट आत्ता समोर रॅकवर आहेत.

आम्ही साउथहॅम्प्टनला राहतो. मी, बायको मृणाल आणि अडीच वर्षांची ईरा. गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणतो. ईराच्या जन्माच्या वेळी त्या बाळंतपणासाठी इथेच होत्या, आणि तिकडे बाबा, म्हणजे माझे सासरे, रात्री झोपले ते उठलेच नाहीत. ध्यानीमनी नसताना! आई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून त्यांनी देवघराला हात लावला नाही, की त्या कुठल्या देवळाची पायरी चढल्या नाहीत. "मी त्यांना एकटं टाकून आले. रागावूनच गेले असणार ते," हे दिवसातून एकदा तरी व्हायचंच. आता परतीच्या विमानाला दहा दिवस उरले होते आणि आईंचं एकच पालुपद, "त्या घरात पाऊल टाकवत नाही हो मला." मृणाल बाथरूमचा नळ सोडून रडायची. मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, निदान जरा फिरवून आणू.

तर शनिवारी सकाळी आम्ही दोघंच ट्रेनने विंचेस्टरला गेलो. ईराला सर्दी होती म्हणून मृणाल घरी. विंचेस्टर म्हणजे फार जुनं गाव, एके काळची राजधानी. कॅथेड्रलच्या दारातच आई थांबल्या. "तुम्ही या बघून. मी बसते इथे बाकावर." मग मीही नाही गेलो. शहराची जुनी भिंत, दगडी गल्ल्या असं करत आम्ही एका दरवाजापाशी आलो. खाली कमान, कमानीतून रस्ता, आणि वर चक्क एक छोटंसं चर्च!

"ही वेस का हो, निखिलराव?" आईंच्या आवाजात कित्येक दिवसांनी जरा जान आली होती. "वेशीवर देव असायचाच. आपल्याकडे मारुती, यांच्याकडे हा." असं म्हणत बाई सरळ जिना चढायला लागल्या की! मीही मागोमाग निघालो. लाकडी जिना, प्रत्येक पायरी करकर करत होती.

वर दारापाशी त्यांनी सवयीने बूट काढले. मृणालने घेऊन दिलेले, जांभळे, वेल्क्रोवाले.

"आई, इथे नाही काढत."

"नसतील काढत. मला नाही जमायचं."

आता त्या मोज्यांवर आणि मी बुटात, बरं दिसतं का ते? मीही काढले. डबल गाठी सोडता सोडता वैतागलो आणि बूट भिंतीकडे भिरकावले. एक आडवा पडला, हे मला पक्कं आठवतंय.

आत एक म्हाताऱ्या बाई फुलं रचत होत्या. माझ्या मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा बघून गोड हसल्या. आई मागच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळाने पाहतो तर त्यांनी हात जोडलेले. दोन वर्षांत पहिल्यांदा! मी दाराशेजारी बसून होतो. दहा-पंधरा मिनिटं जिना एकदाही करकरला नाही.

मग निघालो. मी पुढे, आई मागे. बाहेर येऊन बघतो तर माझा उजवा बूट आणि आईंचा डावा जांभळा बूट एका बाजूला, अगदी खेटून. उरलेले दोन दुसऱ्या बाजूला, तसेच खेटून. चारही बुटांची तोंडं जिन्याकडे, नुसते पाय घालायचे बाकी.

"कुणी चावटपणा केलाय हा!" मी भडकलोच. मागे वळलो तर आई चौकट धरून उभ्या. मला वाटलं, चक्कर आली. पण त्या हसत होत्या... आणि डोळ्यांतून धारा.

"ह्यांचं काम आहे हे," त्या म्हणाल्या.

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा नरसोबाच्या वाडीला गेले, तेव्हा देवळाबाहेरून आईंच्या नव्याकोऱ्या चपला चोरीला गेल्या. बाबांनी स्वतःच्या चपला त्यांना घालायला दिल्या आणि आपण रणरणत्या उन्हात अनवाणी एसटी स्टँड गाठला. तेव्हापासून कुठल्याही देवळात गेलं की बाबा त्यांची एक आणि आपली एक, अशा जोड्या लावायचे. विजोड जोडी कोण चोरतंय?

आईंनी बूट घातले, डोळे पुसले. "निखिलराव, रागावलेला माणूस कुणाच्या चपला सांभाळत बसतो का हो?"

मी माझे दोन्ही बूट उचलून एकत्र ठेवले.

अर्थात टेस्टरचा किडा स्वस्थ बसतो थोडाच! आत जाऊन त्या फुलंवाल्या बाईंना विचारलं. "तुमच्यानंतर कुणीच वर आलं नाही, माय डिअर." आईंनी केलं म्हणावं, तर त्या माझ्या आधी आत गेल्या आणि माझ्यामागून बाहेर आल्या. मी केलं म्हणावं, तर बाबांची ही सवय मला ठाऊकच नव्हती. ते देवळात जायचे तेव्हा मी नास्तिक म्हणून गाडीतच बसून राहायचो. आता त्याचं वाईट वाटतं. घरी मृणालला सांगितलं, तर ती किती तरी वेळ माझे बूट मांडीवर घेऊन बसली होती.

दहा दिवसांनी आई सांगलीला गेल्या. विमानतळावर मी विचारलं, "राहाल ना नीट?" तर म्हणे, "न राहायला काय झालंय?"

ते बूट कुणी लावले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण आईंना कळवणार नाही. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी देवघर दाखवलं, समई लावलेली होती. मग फोन घेऊन दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याशी त्यांची एक चप्पल होती आणि तिला खेटून, माळ्यावरून काढून पुसलेली, बाबांची एक.