चुंबक आणि पितळी जोड

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या फ्रिजवरच्या लोहचुंबकाला मी तपास अधिकारी नेमलं होतं, आणि त्याच्या कर्तबगारीमुळे आमचे भाडेकरू घर सोडायच्या बेतात होते.

मुठा गावातल्या आमच्या घरामागच्या खोल्यांत लातूरकडचं एक नोकरदार जोडपं राहतं. पाणी येतं डोंगरावरच्या टाकीतून, काळ्या प्लास्टिकच्या पाइपने. उतार मोठा, त्यामुळे खाली येईपर्यंत पाण्याला भलताच जोर. खोल्यांजवळचा प्लास्टिकचा जोड दोनदा निसटला. तिसऱ्यांदा असं झालं तर आम्ही दुसरीकडे बघू, असं त्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं. मी पितळी जोड आणायचं ठरवलं. पण पितळ म्हणून कोण काय गळ्यात मारेल याचा नेम नाही, तेव्हा चुंबक खिशात घातला.

पौडच्या दुकानात मी एकेक जोड चुंबकाला लावून पाहिला. दुकानदाराने चहा विचारला, तेव्हा तर माझा संशय बळावलाच. जोड निर्दोष सुटले. पण प्रत्येकाबरोबर बोटभर लांबीची एक पातळ पोलादी नळी होती, ती टचकन चिकटली. वजन वाढवायला लोखंड घालता काय, असं चार गिऱ्हाइकांसमोर विचारून मी नळ्या परत केल्या. तो काही सांगू लागला, तर हात वर करून त्याला थांबवलं. आरोपीचं म्हणणं नंतर.

प्लंबरवरही माझा विश्वास नाही, म्हणून जोड मीच बसवला आणि पान्याने करकचून आवळला. तासाभरात पाइप पितळातून सटकला आणि भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांना आंघोळ घालून गेला. बाईंनी नवऱ्याला फोन लावला.

मी तडक पौडला. दुकानदाराने नळ्या पुडीत बांधूनच ठेवल्या होत्या.

"तात्या, पाइप मऊ हाय. वरनं आवळला की आत दबतुया, मग सटकतुया. ही नळी आतनं धरती त्याला."

नळी आत सारून जोड पुन्हा आवळला, पाणी सोडलं. एक थेंब गळेना. मला ते पटेना. मी वाकून चौथ्यांदा जोड तपासत होतो, तेव्हा नळाखाली बादली धरून उभ्या असलेल्या त्या बाईंच्या तोंडून निघून गेलं, "काका, पाणी आलंय. आता त्याला तरी चुंबक लावू नका."