तारीख बघ रं

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साताऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात मी लेकीच्या परेडचा व्हिडिओ बघायला गेले होते. पोरगी फौजेत लागली, पण ट्रेनिंग संपतानाच्या परेडला मला जाता आलं नव्हतं. कॉम्प्युटरवर पान उघडलं, व्हिडिओच्या जागी मात्र नुसती काळी चौकट.

"साइटच बाद हाय," म्हणून दुकानदार मोकळा झाला. माझं डोकंच फिरलं.

मागे एक रिटायर फौजी उभे होते, पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी आलेले. हात पाठीमागे बांधून ते स्क्रीनवर वाकले. माउसला बोटही लावलं नाही.

"आमी सिग्नलला व्हतो. वायरलेसचा सेट बोलंना झाला की आधी आपली बाजू तपासायची, मग समोरच्याला नावं ठेवायची." मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे हनुवटी करत दुकानदाराला म्हणाले, "तारीख बघ रं. तुझा कॉम्प्युटर दोन सालं मागं हाय. तारीख चुकली की साइटीशी जोडणी धरत न्हाई."

दुकानदारानं तारीख सुधारली, पान पुन्हा उघडलं आणि बँड वाजला.

"लेक कंची, ताई?"

"तिसऱ्या ओळीतली दुसरी."

त्यांनी टाचा जुळवल्या. दुकानदारानं दाखल्यासाठी अंगठा मागितला.

"थांब रं," ते म्हणाले, "पोरींची परेड संपू दे. तंवर म्या काय मरत न्हाई."