रविवारची विचारपूस

दर रविवारी सकाळी मी पुंडलिकनगरहून सायकल काढतो आणि नव्या नव्या गल्ल्या शोधत पडेगावपर्यंत जातो. तिथं दुधाचे कॅन लावलेल्या सायकलवर एक म्हातारबाबा भेटतात. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "कुठं निघालात?"

"कुठंच नाही. असंच, फिरायला."

बाबा सायकलवरून उतरले. आवाज खाली आणून म्हणाले, "मंडळींसंगं वाजलं व्हय?"

कामाशिवाय कुणी सायकल मारतं, हे त्यांना पटेना. मग दर रविवारी ते थांबून मला धीर द्यायचे, "व्हतं असं. लई मनावर घेऊ नका." मीही समजावणं सोडलं.

परवा बायको नवी सायकल घेऊन सोबत आली. बाबांचा चेहरा उजळला. तिला म्हणाले, "मिटलं म्हणायचं, ताई. लई एकटे हिंडायचे बिचारे."

काय मिटलं, हे ती मला वाटभर विचारत राहिली. घर येईपर्यंत आमचं खरंच वाजलं.