नऊच्या खाली दहा

दुसऱ्याने केलेल्या चुकीची लाज स्वतःला वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे रकाना सर. कंपनीत कोणी एखाद्या फाइलला ‘फायनल नवीन खरंच फायनल’ असं नाव देऊन ठेवलेलं दिसलं, की ठेवणारा मजेत चहा पीत असायचा आणि इकडे सरांचे कान लाल व्हायचे. ते गुपचूप नाव दुरुस्त करायचे आणि मग दिवसभर त्या माणसाची नजर चुकवायचे, जणू चोरी यांनीच केली होती. गेल्या वर्षी ते नोकरी सोडून लेकीजवळ नागपूरला गेले. निरोपाची भाषणं त्यांनी होऊच दिली नाहीत. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. वाचून कान लाल होतील, तर होऊ देत.

आमची कंपनी शहराकडून येताना बिडकीनच्या अलीकडे आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवते. कपाटांतली सगळी ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल आणि पत्रं कॉम्प्युटरवर चढवायची ठरली, तेव्हा ते काम सरांकडे आलं आणि त्यांच्या हाताखाली मी. कागद नुसता चढवून भागत नाही. तो कोणत्या भागाचा, कोणी काढला, कितवी आवृत्ती, हे सगळं त्याच्यासोबत भरावं लागतं, तरच तो पुढे सापडतो. त्यासाठी रकाने आधी ठरवावे लागतात. सॉफ्टवेअरवाले त्याला मेटाडेटा म्हणायचे, सर त्याला ‘कागदाची सोयरीक’ म्हणायचे. आणि प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न असायचा, “रकाना कुठला?” त्यावरूनच आम्ही त्यांना रकाना सर म्हणायला लागलो. मी सासूबाईंबद्दल कुरकुर करायला लागले, तरी शांतपणे विचारायचे, “ताई, हे कुठल्या रकान्यात घेऊ? राग, का नुसता थकवा?” चिडायला आलेली मी हसून परत जायचे, आणि ह्याचाही मला राग यायचा.

मोठ्या साहेबांनी रकान्यांची यादी पाठवली, ती दोन पानी होती. सरांनी ती सात रकान्यांवर आणली. त्यासाठी ते आठवडाभर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसत आणि तेच तेच न चिडता सांगत. “साहेब, माणूस सहा-सात रकाने मनापासून भरतो. तिथून पुढं टिंब देतो.” साहेबांना ते पटलं नव्हतं, पण कंटाळून त्यांनी होकार दिला. सरांची बरीच कामं अशीच व्हायची.

टिंबाचा अनुभव लवकरच आला. स्टोअरमधल्या एका पोराने प्रत्येक सक्तीच्या रकान्यात नुसतं टिंब टाकून शंभरेक कागद चढवले. मी त्याला झापायला निघाले होते. सरांनी मला थांबवलं, स्वतः त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, “माफ करा बरं का. तुम्हाला टिंब द्यावं लागलं, म्हंजे माझा रकानाच चुकला.” तो पोरगा बिचारा गांगरून गेला. त्याला शिव्या चालल्या असत्या, ही माफी काही त्याला झेपली नाही. पुढे त्याच्या हातून एकही टिंब पडलं नाही.

इतकं जपून वागायचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. सर पिशोर गावचे, बौद्ध घरातले. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबलेले आणि घरात शिकून साहेब झालेले हे पहिलेच. डबा खाता खाता सहज बोलल्यासारखं म्हणाले, “ताई, तुमच्याकडून चूक झाली तर लोक चूक बघतेत. आमच्याकडून झाली की माणूस बघतेत, मंग त्याच्या मागचं समदं घर बघतेत.” मी पिण्याचं पाणी आणायचं निमित्त करून उठले. आमच्या घरात जेवणाच्या पाटावर ऐकलेली वाक्यं मला आठवत होती आणि त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

रकाने ठरवण्याआधी सर मशीनवरच्या प्रत्येकाजवळ जाऊन उभे राहायचे. “हा कागद शोधताना तुम्ही काय म्हणून शोधता?” एवढंच विचारायचे. आमच्या ड्रॉइंग विभागात एक जुनी पद्धत होती. ड्रॉइंगमध्ये मोठा बदल झाला तर आवृत्तीचा आकडा पुढे जायचा, पण किरकोळ दुरुस्ती असेल तर जुन्याच आकड्यापुढे ‘सु’ लिहायचे, म्हणजे सुधारित. तीन, तीन सु, मग चार. आवृत्तीचा रकाना नुसत्या आकड्याचा केला असता, तर ‘तीन सु’ त्यात मावलं नसतं. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, जुनं सगळं बदलून टाका. सर म्हणाले, “इतकी वर्षं लोकांनी जसं लिहिलं, तसं त्याच्यात मावलं पाहिजे.” त्यांनी तो रकाना अक्षरांचा केला. आणि मशीनवरच्या सगळ्यांना शिकवलं, “नवी आवृत्ती कायम वर दिसंल. डोळे झाकून वरचं उघडा. वरचं ते खरं.”

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका ब्रॅकेटचा अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. भोकं जुन्या जागी पाडलेली होती. ड्रॉइंगची दहावी आवृत्ती निघाली होती आणि माल बनला होता नववीवर. मशीनवर होता दत्ता, बिडकीनच्या पलीकडच्या गावातला कंत्राटी पोरगा, अबोल आणि कामाला चोख. तो सारखा सांगत होता, “मी वरचंच उघडलं व्हतं.” कोणी ऐकून घेतलं नाही. सुपरवायझरने सगळ्या खात्यासमोर त्याला नको नको ते बोलून घरी बसवलं. खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांनाच तो थापा मारतोय असं वाटलं, मलाही वाटलं.

सरांना तसं वाटलं नाही. ते दत्ताच्या मशीनजवळच्या स्क्रीनपुढे जाऊन बसले. थोड्या वेळाने मला बोलावून म्हणाले, “ताई, वर काय दिसतंय?” मी म्हटलं, “नऊ.” “आन दहा?” मी खाली खाली जात राहिले. दहा पार तळाला होता, दोनच्या खाली आणि एकच्या वर. रकाना अक्षरांचा होता ना. यंत्राने दहा हा आकडा म्हणून वाचलाच नव्हता. त्याने फक्त पहिलं अक्षर पाहिलं, एक, आणि दहाला एकाच्या शेजारी नेऊन बसवलं. आजवर कुठलंच ड्रॉइंग दहापर्यंत पोहोचलं नव्हतं, म्हणून हे कोणाला दिसलं नव्हतं. दत्ताने वरचंच उघडलं होतं, अगदी सरांनी शिकवलं होतं तसं.

आमच्या मॅनेजरला सांगितलं तर ते म्हणाले, “रकाना दुरुस्त करा आणि विषय संपवा. पोरगा कंत्राटी आहे, दुसरा मिळेल.” त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मलाच तोंड कुठे लपवावं ते कळेना. सरांनी रकाना दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी महिन्याची बैठक होती, तिथे सगळ्या खात्यांचे लोक होते. सर उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोठे साहेब चांगल्या मनाने म्हणाले, “बसा हो, सॉफ्टवेअरची चूक आहे ही.” सर बसले नाहीत. “सॉफ्टवेअरची नाय साहेब. रकाना मी केला. वरचं उघडा असं शिकवलंही मीच.” त्यांचा आवाज एवढा बसला होता की मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेला नाही, आणि कोणीतरी “मोठ्यानं बोला” म्हणालं. त्यांनी ते पुन्हा मोठ्याने सांगितलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसले.

दत्ताला फोन गेला, “प्रॉब्लेम सुटला, कामावर ये.” तो आला नाही. दुसऱ्यांदा फोन केला, तरी आला नाही. तेव्हा सर म्हणाले, “मी जातो घरी त्याच्या. तुम्ही येता का संगं? एकट्याला धीर होईना.” रविवारी जाताना ते शहागंजात पेढे घ्यायला थांबले, मिठाईच्या दुकानापुढे बराच वेळ उभे राहिले आणि हात हलवत परत आले. “पेढे नेले तर आनंदाची बातमी वाटंल,” म्हणाले. मग डझनभर केळी घेतली. केळ्यांनी नेमकं काय वाटेल, हे मी विचारलं नाही.

गावात पोहोचलो तर निराळंच चित्र होतं. त्याच गावातला आमचा एक कामगार दत्ताच्या घरी सांगून मोकळा झाला होता, की साहेबांनी बैठकीत उभं राहून दत्ताची बाजू घेतली आणि ते आज घरी येणार आहेत. चूक कोणाची, हे त्याने सांगितलं नव्हतं, कदाचित त्यालाही माहीत नव्हतं. दत्ताचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, अंगणात सतरंजी घालून वाट बघत होते. शेजारीपाजारी आणि भावकीतले चारजण आले होते. सर चपला काढतात तोवर आबांनी त्यांना कुंकवाचा टिळा लावला, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली आणि हातात नारळ दिला. “कंपनीचा साहेब आमच्या दारी पहिल्यांदाच आला,” ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर त्या टोपीखाली असे उभे होते की मला बघवेना.

दत्ता घराच्या दाराशी उभा होता. तो पुढे आला नाही.

“आबा,” सर म्हणाले, “हे मला नका देऊ. मी दुसऱ्याच कामाला आलोय. चूक माझी व्हती. दत्तानं मी शिकवलं तसंच केलं.” आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं, शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत, नऊ कसा वर राहिला आणि दहा कसा तळाला गेला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं, मग एकच विचारलं, “म्हंजे पोरगं म्हणत व्हतं, वरचंच उघडलं, ते खरं व्हतं?”

“व्हय.”

आबा ओट्यावर बसले. मला वाटलं, आता सरांना बोलतील, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. पण ते जमिनीकडे बघत म्हणाले, “त्या दिशी ह्याच अंगणात, ह्याच लोकांपुढं मी त्याच्या थोबाडीत दिली, साहेब. कंपनी खोटं कशाला बोलंल, म्हनलं. तवापासून बोललो नाय त्याच्याशी. दोन डाव फोन आला. पोरगं फोनात म्हनलं, येत नसतो. मी मनात म्हनलं, कोणत्या तोंडानं जाईल.”

सर त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले. खांद्यावरचा टॉवेल तसाच होता. केळी माझ्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी तेही मला सुचत नव्हतं.

मग आबा म्हणाले, “तुमी इतक्या लांब येऊन सांगितलं. मला दारातल्या पोराला सांगता यीना.”

“मी पुन्हा सांगतो,” सर म्हणाले. “माझ्यामागं तुम्ही सांगा.”

ते उठले, नारळ ओट्यावर ठेवला आणि दाराकडे तोंड करून जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, “दत्ता, चूक माझी व्हती. तुझी नाय.” ह्या वेळी आवाज बसला नाही. त्यांच्या बाजूला आबा हळूहळू उभे राहिले. “आन मी तुझं ऐकलं नाय,” एवढंच ते म्हणू शकले. भावकीतल्या एकाने उगीच टोपी सारखी केली, दुसरा चपला शोधू लागला. त्या अंगणात मान वर करून उभं राहावं असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं.

“बास आता, आबा,” दत्ता म्हणाला. “साहेबांना घरात तर घ्या.” लाज वाटावी असं काहीही न केलेला तिथे तो एकटाच होता, आणि सगळ्यात खाली मान त्याचीच होती.