शेफालीचं पहिलं कालव

शेफाली आणि मी दादरच्या कॉलेजात मराठी घेऊन बीए झालो. मी लालबागची, ती वरळी कोळीवाड्याची. मी नोकरीला लागले. ती, आई गेल्यावर, आईची कोयती घेऊन खडकांवर उतरली. ओहोटीला पाणी मागे सरलं की खडकाला चिकटलेली कालवं फोडायची, आतलं मांस डब्यात जमवायचं, मग बाजारात वाटे लावायचे. प्रत्येकीचा खडक ठरलेला. शेफाली आईच्या खडकावर बसते.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या गालांवर लाल चट्टे उठले. मग सांधे धरले, मग पाय सुजले. परळच्या हॉस्पिटलात आजाराचं नाव कळलं, ल्युपस. ऊन लागलं की भडकतो. तिच्या किडनीपर्यंत पोचला होता.

"काम सोडता आलं तर बघा," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर अंग पूर्ण झाका. उघडं राहील तिथे सनस्क्रीन."

मी शेजारी बसून ऐकत होते. माझ्याच वयाच्या मुलीबद्दल हे चाललंय, हे डोक्यात शिरत नव्हतं.

बाहेर आल्यावर शेफाली म्हणाली, "मी नाही बसले तर खडक दुसरी कुणी धरेल. आईचं तेवढंच उरलंय."

तिने दुकानातली पहिली दिसली ती ट्यूब घेतली. पुढच्या ओहोटीला मी तिच्यासोबत गेले. तोंड, मान, हात, सगळीकडे क्रीम चोपडलेलं. शेजारच्या खडकावरून राधाबाई ओरडल्या, "काय गो, कुणाला दाखवायला नटलीस? फटीतल्या चिंबोऱ्यांना?"

"मावशी, तुझ्यासाठी पण आणू?" शेफाली हसली.

त्यांच्यात पहिलं कालव फोडून दर्याला द्यायचं. दुसरं स्वतः खायचं. चाखल्याशिवाय विकायचं नाही. तिने पहिलं पाण्यात सोडलं, दुसरं तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं.

"काय झालं?"

"कडू. क्रीम आहे."

ती हाताकडे बघत राहिली. खडकाच्या खळग्यात तिने बोटं बुडवली होती, तिथे पाण्यावर तेलकट साय पसरली होती. "पहिलं ह्याच हाताने दिलं गं मी," ती म्हणाली. त्या दिवशी ती रिकामा डबा घेऊन परतली.

नंतर आम्ही गिरगावात एका औषधांच्या दुकानात उभ्या राहून ट्यूबा वाचल्या. पुढे मासा काढलेला, 'समुद्रस्नेही' लिहिलेलं. मागे घटकांत ऑक्सिबेन्झोन, समुद्रातल्या जिवांना घातक. दुकानदार वैतागला. "मॅडम, चेहऱ्याला लावायचंय की माशाला?" शेफाली काउंटरला टेकून पुढची ट्यूब वाचत होती. तिला उभं राहवत नव्हतं. शेवटी नुसत्या झिंकचं एक सापडलं, जाड दाण्यांचं, चुन्यासारखं पांढरं. त्यानेही पाण्यात काहीच होत नाही असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून ते फक्त नाकाला आणि गालांना. बाकी सगळं कापडाने. भावाचा होडीवरचा लांब बाह्यांचा टीशर्ट, हातमोजे, मानेभोवती ओढणी, रुंद काठाची टोपी.

एवढं करूनही पाण्यावरून ऊन खालून येतं. टोपी काय करणार? दुसऱ्या महिन्याच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नकारार्थी मान हलवली. तेव्हापासून शेफाली पहाटेच्या ओहोटीलाच उतरते. ओहोटी रोज पुढे सरकते आणि चारपाच दिवसांत उन्हात येते. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी पुन्हा पहाटे येईपर्यंत ती घरी.

परवा मी गेले होते. सूर्य वर आला तेव्हा तिचा डबा अर्धाही भरला नव्हता. पाणी अजून लांब होतं. बाकीच्या बायका वाकून फोडत होत्या.

"निघूया," ती म्हणाली. उठायला तिने माझा हात धरला.

राधाबाईंनी मान वर केली. "जा पोरी. तुझ्या खडकावर कुणी बसत नाय. मी हाय."

शेफालीने डब्याचं झाकण लावलं. तोंडाला घाम सुटून पांढरं ओघळत होतं. पायाशीच खळगा होता, स्वच्छ पाण्याचा. ती त्याला वळसा घालून चालू लागली. तोंड ती घरी नळावर धुते.